सगळे आठ टक्क्यांतच टाकले असते तर?

मने, तुझ्या वहीचे फोटो काल रात्री सगळे पाहिले. अक्षर नेटकं, समास आखलेला, आणि प्रत्येक शाब्दिक उदाहरणाखाली पहिली ओळ तीच : "समजा, एक रक्कम क्ष रुपये." अगं, उदाहरण पुरतं वाचून व्हायच्या आधीच तू ही ओळ लिहून मोकळी होतेस. कसं कळलं? एका उदाहरणात क्ष आधी मुद्दल आहे आणि तीन ओळी खाली गेलं की तोच क्ष व्याज झालाय. तुला समीकरण सोडवता येत नाही असं मुळीच नाही. छान सोडवलंयस. फक्त ते दुसऱ्याच कुठल्या तरी उदाहरणाचं आहे.

म्हणून आज तुला बँकेच्या काउंटरवरची गोष्ट सांगते. माझ्यासमोर येणारी माणसं क्ष मानत नाहीत. एखाद्या मावशी येतात, निवृत्तीचे पैसे हातात असतात, आणि विचारतात, "हे सगळे इथेच ठेवले तर वर्षाला किती येतील? आणि यातले थोडे त्या जास्त व्याजाच्या योजनेत टाकले तर किती वाढतील?" बीजगणिताचं पुस्तक मिटून त्यांना चाळीस वर्षं झालेली असतात, पण प्रश्न अगदी नेमका असतो. आधी सगळे एका जागी ठेवून बघायचे, मग थोडे थोडे सरकवायचे. तुझं पुस्तक 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' अशा भारदस्त नावाखाली जे विचारतं, ते एवढंच आहे.

आपण एक उदाहरण घेऊ. "एका व्यक्तीने ५०,००० रुपयांपैकी काही रक्कम द.सा.द.शे. ८ दराने व उरलेली द.सा.द.शे. ११ दराने गुंतवली. वर्षअखेर तिला एकूण ४,६३० रुपये व्याज मिळाले, तर प्रत्येक दराने किती रक्कम गुंतवली?" (ही 'एक व्यक्ती' कोण असते देव जाणे. व्याज पै न् पै लक्षात ठेवते आणि कुठे किती टाकले तेवढंच विसरते!)

पेन खाली ठेव आणि मला तोंडी सांग. सगळे पन्नास हजार ८ टक्क्यांत असते तर व्याज किती? ४,०००. सगळे ११ टक्क्यांत असते तर? ५,५००. म्हणजे पैसे कसेही वाटले तरी व्याज या दोन आकड्यांच्या मधेच येणार. उदाहरणात ६,२०० छापलं असतं तर ते चुकीचं छापलंय हे तुला इथेच कळलं असतं, पानभर आकडेमोड करून ऋण रक्कम हाती येईपर्यंत थांबावं लागलं नसतं. बरं, निम्मे इकडे निम्मे तिकडे असते तर? ४,७५०. आपले ४,६३० त्याहून जरा कमी आहेत, म्हणून ८ टक्क्यांकडे निम्म्याहून जरा जास्त पैसे असणार. अजून एक अक्षर लिहिलं नाहीस, तरी उत्तर पंचवीस हजारांच्या थोडं वर आहे हे कळलं की नाही?

आता सरकवू. समज सगळे ८ टक्क्यांतच आहेत आणि त्यातला एक रुपया उचलून ११ टक्क्यांत टाकला. वर्षाचं व्याज ३ पैशांनी वाढलं. आणखी एक रुपया उचलला, आणखी ३ पैसे. आपल्याला ४,००० वरून ४,६३० वर जायचंय, म्हणजे ६३० रुपये वाढवायचे आहेत. ६३० रुपयांत तीन-तीन पैसे किती वेळा बसतात? २१,००० वेळा. झालं. २१,००० रुपये ११ टक्क्यांत, उरलेले २९,००० आठ टक्क्यांत. पडताळा घे : एकाचं व्याज २,३१०, दुसऱ्याचं २,३२०, बेरीज ४,६३०.

"ताई, पण परीक्षेत असं लिहिलं तर मार्क कापतील!" हो, म्हणून आता रीतसर लिहू. पण आता लिहिताना काय लिहितेय ते तुला ठाऊक असेल. ८ टक्क्यांतली रक्कम क्ष, ११ टक्क्यांतली य. दोन्ही मुद्दलं. हे शब्दांत पुरतं लिहायचं, नुसतं 'क्ष मानू' म्हणून सोडायचं नाही. मग दोन बेरजा :

क्ष + य = ५०,०००

८क्ष + ११य = ४,६३,०००

पहिली बेरीज पैशांची, दुसरी त्या पैशांनी आणलेल्या पैशांची. या जातीच्या उदाहरणांत तिसरं काही नसतंच. नाव-प्रवाहाच्या उदाहरणात वेग उलटतो, वयाच्या उदाहरणात पाच वर्षं मागे जा आणि दहा वर्षं पुढे जा असली कसरत असते. इथे फक्त दोन बेरजा. प्रत्येक वाक्य वाचताना विचारायचं, तू मुद्दलाच्या बेरजेतलं की व्याजाच्या? तुझ्या वहीतल्या निम्म्या चुका या एका प्रश्नाने जातील. उरलेल्यांपैकी बऱ्याच त्या शंभराच्या आहेत. दर शेकड्याचा आहे, म्हणून डावीकडचा छेद काढायला सगळं शंभराने गुणतेस, आणि उजवीकडचे ४,६३० बिचारे तसेच राहतात. मग य ऋण येतो आणि तू खोडरबर शोधतेस.

पुढे जाऊ. पहिल्या समीकरणाला ८ ने गुण : ८क्ष + ८य = ४,००,०००. दुसऱ्यातून वजा कर : ३य = ६३,०००. य = २१,०००.

आता हे चार लाख नीट बघ. शंभराने भागले की चार हजार. म्हणजे 'सगळे ८ टक्क्यांत टाकले असते तर' हेच तू आत्ता समीकरणात लिहिलंस. आणि वजाबाकीनंतर उरलेला तो ३ म्हणजे आपले सरकवलेल्या रुपयामागचे ३ पैसे. 'गुणक समान करून एका चलाचा लोप करा' असं जे पुस्तक सांगतं, त्याच्या पोटात एवढा साधा विचार आहे, आणि तो तुला कोणी सांगत नाही याचा मला राग येतो. क्रेमरची पद्धत आली पाहिजे, पेपरात नाव घेऊन विचारतात. पण स्वतःहून निवडायची वेळ आली तर या उदाहरणांना मी ती लावणार नाही. तीन निश्चयक काढून उत्तर येतं खरं, पण कुठल्या पायरीवर पैशांचं काय झालं हे काहीच दिसत नाही.

तोटा आला की तू घाबरतेस, तेही दिसलं. "८०,००० रुपयांपैकी काहींवर १२ टक्के नफा, उरलेल्यांवर ५ टक्के तोटा, एकूण नफा ४,५००." अगं, रीत तीच. सगळे नफ्यात असते तर ९,६०० आले असते. आले ४,५००. कमी पडले ५,१००. एक रुपया नफ्यातून तोट्यात गेला की किती जातात? १२ पैसे मिळायचे राहिले आणि वर ५ पैसे गेले, एकूण १७ पैसे. तुझ्या वहीत इथे ७ आहे. तू १२ मधून ५ वजा केलेस. ५,१०० ला १७ पैशांनी भागलं की ३०,००० तोट्यातले, ५०,००० नफ्यातले. पडताळ्यात ६,००० मधून १,५०० गेले, ४,५०० उरले.

आणि ते अदलाबदलीचं उदाहरण, ज्याच्यापुढे तू नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंयस, ते तर खरं गंमतीचं आहे. काही रक्कम ७ टक्क्यांनी, काही ९ टक्क्यांनी, व्याज ५,५००. रकमांची अदलाबदल केली असती तर ५,७०० मिळाले असते. दोन्ही व्याजांची बेरीज कर : ११,२००. या बेरजेत प्रत्येक रुपया एकदा ७ टक्क्यांनी आणि एकदा ९ टक्क्यांनी राबलाय, म्हणजे १६ टक्क्यांनी. म्हणून सगळे मिळून ७०,०००. वजाबाकी कर : २००. हा २ टक्क्यांचा फरक पडला तो दोन रकमांमधल्या फरकावर, म्हणून फरक १०,०००. एक ४०,००० आणि एक ३०,०००. मोठी कुठे होती ते तूच सांग, अदलाबदलीने व्याज वाढलंय एवढं पुरेसं आहे.

आता जरा खोलातलं. टक्के दिसले की तू लगेच गुणाकार करतेस. आधी विचार, टक्के कशाचे? यावर तुला एक जुनं उदाहरण देते. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० सालची. आपल्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला जो शिलालेख आहे, त्यात त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं लिहिलंय, एवढा तो माणूस आपल्या जवळचा. ग्रंथात ठिकठिकाणी 'बाले' अशी एका मुलीला हाक आहे, ती त्यांची लेक अशी परंपरेने चालत आलेली कथा. तर या मुलीला ते विचारतात : महिना शेकडा ५ दराने वर्षअखेर मुद्दल आणि व्याज मिळून १,००० झाले, तर मुद्दल किती, व्याज किती?

तू काय करशील ते मला दिसतंय. महिना ५ म्हणजे वर्षाला ६०. हजाराचे ६० टक्के ६००. व्याज ६००, मुद्दल ४००. आणि पुढच्या उदाहरणाला लागशील! जरा थांबून ४०० चे ६० टक्के काढ. २४०. जमत नाही ना? कारण व्याज मुद्दलावर मिळतं, राशीवर नाही. १०० चे १६० होतात, मग १,००० कशाचे झाले? ६२५ चे. व्याज ३७५. साडेआठशे वर्षांपूर्वी जी मुलगी हे सोडवत असेल, तीही आधी हजाराचेच साठ टक्के काढायला धावली असेल, असं मला उगाच वाटतं.

शेअरच्या उदाहरणांत हीच मेख असते. तुझ्या 'अर्थनियोजन' प्रकरणात दर्शनी किंमत, बाजारभाव आणि लाभांश असे तीन शब्द एकाच वाक्यात येतात आणि मुली गोंधळतात. लाभांशाचा दर दर्शनी किमतीवर असतो. परताव्याचा दर मात्र तू खरोखर मोजलेल्या पैशांवर, म्हणजे बाजारभावावर. १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर १६० ला घेतला आणि कंपनीने ८० टक्के लाभांश जाहीर केला. ऐकायला केवढं मोठं! हातात येतात ८ रुपये, आणि १६० वर ८ म्हणजे ५ टक्के. पेपरात 'अमुक टक्के लाभांश' असा मथळा दिसला की बाबांना विचारून बघ, कशाचे टक्के? गंमत येईल.

एसआयपीतही एक छोटी खोच आहे. दर महिन्याला ३,००० रुपये. एका महिन्यात एनएव्ही ३० रुपये, युनिट मिळाले १००. पुढच्या महिन्यात एनएव्ही २०, युनिट १५०. सरासरी खरेदी किंमत २५ नाही हं. ६,००० भागिले २५०, म्हणजे २४. स्वस्तात जास्त युनिट आले, म्हणून सरासरी स्वस्ताकडे झुकली. ८ आणि ११ टक्क्यांचा सरासरी दर साडेनऊ न येता ९.२६ आला, तोही याच कारणाने. जिकडे माप जास्त, सरासरी तिकडे झुकते.

लीलावतीतलं दुसरं उदाहरण मला फार आवडतं. सहा कमी शंभर, म्हणजे ९४ निष्क (तेव्हाचं नाणं) तीन भागांत व्याजाने दिले. दर महिना शेकडा ५, ३ आणि ४. मुदत अनुक्रमे ७, १० आणि ५ महिने. तिन्ही भागांचं व्याज सारखंच आलं. भाग किती? क्ष, य, झ मानून तीन समीकरणं मांडता येतील, मांड हवं तर. पण आधी माझ्या मावशींसारखं विचार. प्रत्येक ठिकाणी शंभर निष्क टाकले असते तर व्याज किती आलं असतं? ३५, ३० आणि २०. व्याज सारखं हवं असेल तर जिथे पैसा जास्त राबतो तिथे कमी टाकायचा, आणि तोही त्याच व्यस्त प्रमाणात. ३५, ३० आणि २० यांचा लसावि ४२०. त्याला एकेकाने भागलं की १२, १४, २१. बेरीज ४७. आणि ९४ म्हणजे ४७ ची दुप्पट! म्हणून भाग २४, २८ आणि ४२, प्रत्येकाचं व्याज ८.४ निष्क. ९४ हा विचित्र आकडा कुठून आला असं वाटलं होतं ना? त्यांनी उत्तर आधी ठरवून मग प्रश्न विणलाय. तुझ्या पेपरातही तसंच असतं. म्हणून शाळेच्या उदाहरणात रक्कम १८,३७४.६२ आली तर स्वतःवर जरा संशय घे. (माझ्या काउंटरवर मात्र असलेच आकडे येतात.)

त्या जुन्या उदाहरणांतले दर महिन्याचे आहेत हे लक्षात आलं का? महिना ५ टक्के म्हणजे वर्षाला ६०. आता जे सांगते ते परीक्षेसाठी नाही, तू अठराची होशील तेव्हासाठी आहे. कॉलेजात कोणीतरी, बहुतेक ओळखीचीच, गोड बोलून सांगेल की महिना फक्त ३ टक्के मिळतात. 'फक्त' हा शब्द त्यात हमखास असतो. तेव्हा ७२ ला ३ ने भाग. २४. म्हणजे मिळालेलं व्याज त्यातच घालत राहिलं तर दोन वर्षांत पैसे दुप्पट. हा ७२ चा ठोकताळा आहे, अगदी काटेकोर नाही, पण सरकारच्या किसान विकास पत्रावर लावून बघ. २०२३ च्या एप्रिलपासूनचा त्याचा दर ७.५ टक्के. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षं, महिने करून ११५.२. आणि पत्रावर लिहिलेली मुदत ११५ महिने. सरकारला जिथे साडेनऊ वर्षं लागतात तिथे तुझ्या मैत्रिणीचा मामेभाऊ दोन वर्षांत तुझे पैसे दुप्पट करून देणार, तर मधला पैसा कोणाच्या खिशातून येणार? असल्या योजनांत तो बहुतेक वेळा मागून आलेल्या माणसाच्या खिशातून येतो. मागून येणारं कोणी उरलं नाही की दुकान बंद.

पुस्तकातल्या उदाहरणात ८ टक्के आणि ११ टक्के शेजारी शेजारी बसतात आणि कोणी विचारत नाही की मग त्या व्यक्तीने सगळेच ११ टक्क्यांत का नाही टाकले? खऱ्या आयुष्यात त्या वरच्या ३ टक्क्यांना किंमत असते. बँकेतल्या ठेवीला एका माणसामागे एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. जास्त दर वाईटच असतो असं मी म्हणत नाही. तो कशाबद्दल मिळतोय, एवढं विचारल्याशिवाय सही करायची नाही. आपल्या घरी पोस्टाच्या आरडीची एजंट काकू येते ना, तिच्याजवळ बसून एकदा तिचं पुस्तक बघ. तिच्याइतका जलद तोंडी हिशेब तुझ्या वर्गात कोणी करत नसेल. घरात पैशांचं बोलणं निघालं की तुला 'जा, चहा ठेव' म्हणतात, मला माहीत आहे. चहा ठेव आणि परत येऊन बस.

बरं, एक उदाहरण देते, पुस्तकात नाही. १,७०,००० रुपये दोन ठिकाणी ठेवायचे आहेत, एकीकडे ७ टक्के, दुसरीकडे १० टक्के, आणि वर्षाचं सरळव्याज दोन्हींकडून सारखं यायला हवं. आधी तोंडी कर, मग समीकरणाने कर, दोन्ही उत्तरं जुळली की फोन कर. नऊनंतर कर हं, त्याआधी मी डोंबिवली लोकलमध्ये लटकलेली असते, आणि तिथे लसावि काढता येत नाही.